गणपतीला गावचं घर उघडलं आणि टीव्ही चालूच होत नाही

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर माझा फोन गप्प बसत नाही. मुंबईच्या गाड्या पोचलेल्या असतात, तीन महिने बंद असलेली घरं झाडून झालेली असतात. कोणी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधतोय, कोणी गणपतीच्या भिंतीला रंगाचा शेवटचा हात मारतोय, आणि त्या धांदलीत कोणाला तरी टीव्ही आठवतो.

"दादानू, टीव्ही सुरूच होना नाय. पोरां आराडतत."

"लाल लाइट पेटता काय, वयनीनू?"

"खयची लाल लाइट?"

हे बोलणं मी दर वर्षी इतक्या वेळा करतो की पुढचा प्रश्न तोंडपाठ झालाय. आचरा-मालवण पट्ट्यात टीव्ही दुरुस्त करायला लागून मला २४ वर्षं झाली. शटरवाल्या शेवटच्या लाकडी पेट्यांपासून भिंतीवरच्या पातळ टीव्हीपर्यंत सगळं हाताखालून गेलं, पण तक्रार तीच: जाताना चालत होता, आल्यावर चालत नाही. म्हणून मला बोलावण्याआधी तुम्ही स्वतः काय बघायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते एकदा लिहूनच टाकतो. चतुर्थीला मलाही घरी बसून मोदक खायचे असतात.

आधी बटणावरचं बोट काढा

आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. मीठ ओलं होतं, तळाशी पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस याच्या वर असते. समुद्रावरचा वारा तेच मीठ अगदी बारीक कणांत घरात आणून टाकतो. कौलांच्या फटींतून, खिडकीच्या गजांतून ते येतं आणि टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत जाऊन बोर्डावर बसतं. उन्हाळ्यात ती नुसती धूळ असते. पावसात तीच धूळ बरणीतल्या मिठासारखी पाझरते, आणि मिठाच्या पाण्यातून वीज कशी वाहते हे आपण शाळेतच बघितलेलं असतं.

अशा ओलसर बोर्डाला एकदम २३० व्होल्ट दिले की जिथे जायला नको तिथून करंट जातो. तीन महिने ओल खाऊन जो टीव्ही बिघडला नव्हता, तो त्या एका बटणाने बिघडतो. आमच्याकडे चतुर्थीला येणाऱ्या टीव्हींपैकी कितीतरी सकाळपर्यंत चांगले होते, असं मला आतला काळा डाग बघून कळतं. मालकाला ते सांगून काय उपयोग, म्हणून मी सांगत नाही.

तेव्हा घर उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टीव्हीचा प्लग काढलेलाच ठेवायचा. टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि मागच्या जाळीवर टेबल फॅन सोडा. रात्रभर सोडा. बाहेर झड लागली असेल आणि घरात कोंदट वास असेल तर दुसरा दिवसही जाऊ द्या. घरात जुना पिवळा बल्ब असेल तर तो टीव्हीच्या मागे दोन हातांवर पेटवून ठेवला की आजूबाजूची हवा कोरडी व्हायला चांगली मदत होते. हेअर ड्रायर नको, एकाच जागी ऊब लागून प्लास्टिक वाकतं. उन्हात ठेवणंही नको, पडदा तापला की आतले पातळ थर सुटून डाग पडतात. चुलीजवळ ठेवायची कल्पना तर डोक्यातही आणू नका, एका घरात ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मोबाइल तांदळात ठेवतात तसा टीव्ही ठेवायला किती पायली तांदूळ लागतील, असं एका चाकरमानी मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं. त्याला म्हटलं, तांदूळ आजीला दे, पंखा मला दे.

हे झालं नुसत्या दमटपणाचं. कौल सरकून पाणी थेट टीव्हीवर पडलं असेल तर पंख्याने भागत नाही. मागच्या कव्हरवर ओघळ दिसतात, खालच्या स्क्रूंवर गंज चढलेला असतो, कधी पडद्याच्या खालच्या कडेला आतून ढगासारखं दिसतं. असा टीव्ही प्लगला लावूच नका. तो उघडून, धुऊन, वाळवूनच चालू करायचा असतो, आणि वेळेत आणलात तर बऱ्याचदा वाचतो.

पंखा सुरू असताना टॉर्च घेऊन मागून एक नजर टाका. जाळीच्या आत मटाराएवढी पांढरी अंडी चिकटलेली दिसली की पालीचा संसार आहे असं समजा. मुंग्यांची रांग आत जाते आहे का बघा. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर वायर हातात घेऊन पूर्ण लांबी तपासा, तो नेमकी कपाटामागची, न दिसणारी वितभर जागा कुरतडतो. पाल दिसायला गरीब, पण टीव्हीच्या आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. त्या दोन टोकांवर ती एकाच वेळी बसली की पाल जाते आणि बोर्डही जातो.

भिंतीपासून टीव्हीपर्यंत चालत या

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक फजिती सांगतो. गावातल्या एका आजोबांचा २१ इंची पेटीवाला टीव्ही, लाल दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. टेस्टर सॉकेटला लावला, छान पेटला. म्हणजे लाइट आहे, दोष टीव्हीत. मागचं कव्हर काढलं, फ्यूज शाबूत. मला काही सुधरेना, म्हणून रिक्षात घालून कणकवलीला उस्तादांकडे नेला. तिथे लावला तर फटकन चालू. परत आणला, बंद. पुन्हा नेला, पुन्हा चालू. तिसऱ्या खेपेला उस्ताद म्हणाले, "आता टीव्ही इथेच ठेव आणि आजोबांचं सॉकेट घेऊन ये."

सॉकेटमधली न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, वायर स्क्रूखाली हिरवी होऊन गळून पडली होती. रिक्षाभाडं माझ्या खिशातून गेलं आणि आजोबांनी त्यानंतर दोन वर्षं मला "सॉकेटवाला" म्हटलं.

टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, जिवंत आहे की नाही तेवढंच सांगतो. न्यूट्रल तुटली असेल तरी तो पेटतोच. उलट अशा सॉकेटला कुठलं यंत्र लावून बटण चालू असेल, तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो आणि नवशिक्या आणखी गोंधळतो. त्यामुळे टेस्टरवर विसंबू नका, त्याच सॉकेटला दुसरी वस्तू लावून बघा. पण मोबाइलचा चार्जर लावू नका. चार्जर १०० व्होल्टवरही काम करतो, एलईडी बल्बही बहुतेक वेळा कमी व्होल्टेजवर बिनतक्रार पेटतो. खरी साक्ष देतो तो जुना पिवळा बल्ब किंवा टेबल फॅन. बल्ब निखाऱ्यासारखा लालसर पेटला, पंखा आळसावल्यासारखा फिरला, की व्होल्टेज कमी आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. बल्ब लुकलुकला तर जोड नक्कीच सैल.

याहून सोपी युक्ती म्हणजे ज्या सॉकेटवर तुमचा फ्रिज व्यवस्थित चालतोय, तिथे टीव्ही नेऊन थेट लावायचा. मध्ये एक्स्टेन्शन नको, स्टॅबिलायझर नको, काही नको. लाल दिवा लागला की टीव्ही बरा आहे, घरातली वाट खराब आहे. निम्मे फोन इथेच संपतात.

मग ती वाट शोधायची. प्लगच्या पितळी पिना बघा. काळ्या किंवा हिरवट झाल्या असतील तर प्लग हातात काढून घेऊन बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल तर ते सॉकेट बदलायचंच. आत सळी घालून घासत बसू नका, मेन स्विच बंद करून वायरमनकडून नवीन बसवून घ्या. फार खर्चाची गोष्ट नाही ती. कित्येक टीव्हींना मागे सुटी होणारी वायर असते, ती झाडलोट करताना ओढली जाते आणि अर्धी बाहेर येते. जोर लावून आत दाबा. हे लिहायला मला लाज वाटते, पण या कारणासाठी मी पावसातून सात किलोमीटर मोटारसायकल मारलेली आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड हा मुंग्यांचा आवडता बंगला. स्विचच्या आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात तेव्हा वीज पुढे जाते, आणि बंद घरात त्या पत्र्यांच्या मधोमध मुंग्या जाऊन मरतात. बटण दाबलं तर "टक" असा कोरडा आवाज यायला हवा. तो मऊ, दबका आला तर आत कचरा आहे. वरच्या फोनमधल्या वयनींच्या घरी हेच निघालं. बोर्ड बाहेर पडवीत नेऊन आपटला तर चिमूटभर मुंग्या पडल्या. तरी मी त्यांना तो बोर्ड टाकायलाच लावला, कारण एकदा जळलेला पत्रा पुन्हा नीट टेकत नाही आणि मग ठिणगी पडत राहते.

स्टॅबिलायझरबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो आणि स्टॅबिलायझर ही फक्त बिघडायची आणखी एक जागा होते. त्याच्या आतल्या रिलेची, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची, टोकंही खाऱ्या हवेने काळी पडतात. मग स्टॅबिलायझरचा काटा हलतो, दिवा लागतो, पण पुढे वीज जात नाही आणि शिव्या टीव्हीला बसतात. व्होल्टेज फार वर गेलं की पुरवठा तोडणारा असेल तर जरूर ठेवा. तेवढ्याच कामाचा तो.

लाल दिवा काय म्हणतो

चांगल्या सॉकेटवर थेट लावला, तरी दिवा लागत नाही. मग टीव्हीच्या आतला वीजपुरवठा, म्हणजे आम्ही ज्याला एसएमपीएस म्हणतो तो बोर्ड, बसला आहे. त्यावर पुढे बोलतो.

दिवा लागतोय, पण रिमोटने टीव्ही चालू होत नाही, अशा वेळी पहिला संशय रिमोटवर घ्या. मोबाइलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फीचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. दिसला नाही तर सेल काढून बघा, पांढरी भुकटी आणि हिरवी स्प्रिंग असणार. सुक्या ब्रशने साफ करा, स्प्रिंग घासा, नवे सेल घाला. दरम्यान टीव्हीवरचं बटण शोधा. पातळ टीव्हींना ते खालच्या पट्टीच्या मधोमध, पोटाखाली, नाहीतर मागच्या उजव्या कोपऱ्यात लपवलेलं असतं. चार वर्षं टीव्ही वापरून ते कुठे आहे हे ठाऊक नसलेली घरं मला भरपूर भेटतात.

याच बटणाची एक खोडी आपल्या किनाऱ्यावर हटकून दिसते. ओलीमुळे बटणाच्या आत करंट झिरपतो आणि टीव्हीला वाटतं, कोणीतरी ते दाबून धरलंय. मग आवाज आपोआप वाढतो, मेनू आपोआप उघडतो, किंवा टीव्ही चालू होऊन लगेच बंद होतो. भूतबाधा नाही. दोन दिवस पंखा लावला तर बऱ्याचदा सुटतं, नाही सुटलं तर बारीकसं बटण बदलायचं.

रिमोट ठीक, बटणही ठीक, दिवा स्थिर, तरी टीव्ही ढिम्म असेल तर प्लग काढा, टीव्हीवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. आत साठलेली वीज निघून जाते आणि अडकलेला प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो. स्मार्ट टीव्हीला हा उपाय चांगला लागू पडतो. तो पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतो, तेव्हा कंपनीचं नाव दिसत असताना चार-चार वेळा बटण दाबू नका.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसाच लुकलुकतो, तेव्हा टीव्ही स्वतःच आपला रोग सांगत असतो. मोजा आणि लिहून ठेवा. त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे इथे सांगत नाही, पण फोनवर "सहा वेळा लुकलुकतो" एवढं सांगितलंत तर मी येताना बरोबर तो बोर्ड घेऊन येतो आणि तुमची एक फेरी वाचते.

आवाज येतोय पण पडदा काळा, हा टीव्ही चालूच आहे. अंधार करा, टॉर्च पडद्याला तिरका लावा आणि जवळून बघा. पुसटशी माणसं हलताना दिसली तर पडद्यामागचे दिवे, म्हणजे बॅकलाइट गेला. छोट्या एलईडींची माळ असते ती, आणि नाताळच्या माळेसारखा त्यातला एक गेला की बहुतेक वेळा बाकीचेही विझतात. दुरुस्त होतं, पण पडदा उतरवावा लागतो, आणि ते काम मी चतुर्थीच्या गर्दीत कोणाच्या ओटीवर बसून करणार नाही. पडदा मोठा, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि भोवती सात पोरं. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइटची पातळी शंभरावरून साठ-सत्तरावर आणून ठेवा, दिवे जास्त टिकतात.

आणि "नो सिग्नल" अशी अक्षरं दिसत असतील तर टीव्ही एकदम ठणठणीत आहे. छत्रीसमोर, म्हणजे छतावरच्या डिशसमोर, माडाची झावळ वाढलीय का बघा.

आत हात घालू नका, आणि का ते ऐका

दिवाच न लागणाऱ्या टीव्हीत बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो. काचेच्या नळीतली बारीक तार, तिच्यावर ३.१५ किंवा ५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं. लोकांना इथे हात शिवशिवतात. फ्यूजची काच स्वच्छ असून आतली तार नुसती तुटली असेल, तर एखादा झटका येऊन गेला असावा, नवीन घालून चालूही होतो. पण काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल, तर पुढे थेट शॉर्ट आहे आणि नवा फ्यूज डोळ्यांदेखत उडेल. तिथे सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली, की फ्यूज उडत नाही, बोर्ड पेटतो. फ्यूजच्या जवळ निळ्या बटणासारखा एक चपटा भाग असतो. व्होल्टेज फार वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढच्या बोर्डाला वाचवतो. तो फुटून काळा झालेला दिसला की मला बरं वाटतं, पुढचा बोर्ड वाचला असण्याची आशा असते.

जुन्या एलसीडीत वेगळी गंमत असते. चालू करताना आतून टक-टक-टक आवाज येतो, दिवा लुकलुकतो, पाच-दहा मिनिटांनी कधी चालू होतो, कधी नाही. बोर्डावरच्या उभ्या गोल कॅपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांची, डोकी फुगलेली असतात, शिळ्या इडलीसारखी. ते बदलले की टीव्ही आणखी काही वर्षं काढतो. असा टीव्ही भंगारात देऊ नका.

प्लग काढला म्हणजे टीव्ही थंड झाला, असं समजू नका. पुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट नंतरही साठून राहू शकतात. आणि माळ्यावर अजून पेटीवाला जुना टीव्ही असेल, तर त्याच्या काचेच्या नळ्याला २० ते २५ हजार व्होल्ट मिळतात. माझ्या डाव्या कोपराला त्याची आठवण आहे.

वीज वरून आणि तारेतून

दोन गोष्टी अशा, ज्यात टीव्हीचा किंवा तुमचा काही दोष नसतो. एक म्हणजे तुटलेली न्यूट्रल. वादळवाऱ्यात झाडाची फांदी तारेवर पडते आणि वाडीतली सामाईक न्यूट्रल सुटते. मग एका घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरात तोच बल्ब डोळे दिपवतो, पंखा हेलिकॉप्टर होतो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात, त्यातला मोठा वाटा तुमच्या घरात येऊ शकतो. असं दिसलं की चौकशीला बाहेर जाण्याआधी मेन स्विच पाडा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने उत्तर कोकण झोडपलं, मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या दारावरून गेलं, कितीतरी दिवस गावं अंधारात होती. लाइट आली तेव्हा लोकांनी आनंदाने सगळी बटणं एकदम दाबली. लाइट आल्यावर आधी एक पिवळा बल्ब लावा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघा, मग बाकीचं.

दुसरी गोष्ट आकाशातली. आपल्याकडे जोराच्या विजा मुख्य पावसात कमी. वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, म्हणजे आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) आधी आणि नवरात्राच्या आसपास, तेव्हा त्यांना ऊत येतो. लोक गडगडाट ऐकून भिंतीवरचं बटण बंद करतात आणि निर्धास्त होतात. बटणाच्या आत दोन पत्र्यांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं. जी वीज ढगातून जमिनीपर्यंत उडी मारते, तिला एवढ्याशा फटीची काय तमा? प्लग काढायला हवा. आणि प्लग काढूनही ज्यांचा टीव्ही गेला, ते छत्रीची वायर विसरलेले असतात. छतावरून येणारी ती वायर सेटटॉप बॉक्समध्ये जाते, तिथून एचडीएमआय वायर टीव्हीत. इंटरनेटची वायर टीव्हीला लावलेली असेल तर तीही तशीच. सगळं सोडवा, आणि ढग डोक्यावर येण्याआधी सोडवा, गडगडत असताना वायरीला हात नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" नावाचं ॲप मोबाइलवर घेतलंत तर आजूबाजूला वीज पडतेय का ते कळतं.

अर्थिंगचं थोडक्यात. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा होतो आणि नावापुरता उरतो. टीव्हीच्या मागच्या धातूला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर बऱ्याचदा अर्थिंग नसतं किंवा सुकलेलं असतं. खड्ड्यात पाणी ओता, आणि तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापू नका. कापतात, म्हणून सांगतो.

टीव्ही लावायचा कुठे, आणि जाताना ठेवायचा कसा

नव्या बांधलेल्या घरांत टीव्ही दर्शनी म्हणून नेमका पश्चिमेच्या भिंतीवर ठोकतात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा पाऊस त्याच भिंतीवर मारतो, चिरा पाणी पितो आणि आतल्या बाजूने टीव्हीची पाठ चार महिने ओल्या भिंतीला टेकून राहते. आतली भिंत निवडा, माजघराची. मध्ये बोटभर फट ठेवा, हवा खेळू द्या.

वर्षभर माणसं राहत असतील तर पावसाळ्यात रोज तासभर टीव्ही चालू ठेवा, कोणी बघत नसलं तरी. त्याच्या स्वतःच्या उबेने बोर्ड कोरडा राहतो. आमच्या आईला मी हे शास्त्र सांगितल्यापासून तो एक तास तीन तासांचा झाला आहे.

घर बंद करून जाणार असाल तर प्लग, छत्रीची वायर, सगळं काढून ठेवा. पुष्कळ लोक जाताना टीव्ही प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून जातात, आणि परत आल्यावर आतून थेंब ओघळताना दिसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागता लागता, हवा आधीच ओलसर झालेली असते, तीच तुम्ही आत बंद करता. त्यापेक्षा जुनं सुती लुगडं किंवा धोतर घाला. धूळ आणि पाल अडते, हवा जाते-येते. प्लास्टिकच वापरायचं असेल तर मेमधल्या कोरड्या दुपारी, टीव्ही दोन तास चालवून गार झाल्यावर, आत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाकून, एकही फट न ठेवता. बुटांच्या खोक्यातल्या दोन इवल्या पुड्यांनी काही होत नाही.

रिमोटमधले सेल काढून ठेवा. आणि रिमोट कुठे ठेवलात ते शेजारच्या काकूंना सांगून जा. गेल्या वर्षी एका घरात टीव्ही, सॉकेट, बोर्ड सगळं मी तपासलं, सगळं उत्तम, फक्त रिमोट उंदरांपासून जपून ठेवलेला, तो सापडेना. अखेर सापडला तांदळाच्या डब्यात, तोही शिमग्याला.